कर्ज फेडायला जमीन विकायची, पण कुठल्या बाजूची?

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस नागपूरला शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं आणि ‘सात-बारा कोरा’ हे शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. ३० जून २०२६पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असं सरकारने त्या वेळी जाहीर केलं. माफी कुणाला, किती, कुठल्या तारखेपर्यंतच्या कर्जाला, यावर पारावर तासन्‌तास चर्चा होते. सात-बारा कोरा करायचा आणखी एक रस्ता आहे. त्यावर मात्र पारावर कुणी बोलत नाही, कारण त्यात लाज वाटते. तो म्हणजे जमिनीचा एक तुकडा विकून देणं फेडणं.

लाज वाटते म्हणून हे काम गुपचूप होतं, गुपचूप म्हणून घाईत होतं, आणि घाईत झालं की हमखास बिघडतं. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, २००९ साली असाच एक एकर काढला. रस्त्याकडचा. गिऱ्हाईक घरी चालून आलं, चार दिवसांत खरेदीखत झालं, चार लाख मिळाले. त्या वेळी आमच्याकडे तो भाव चांगलाच होता. सगळ्यांनी तात्यांची पाठ थोपटली. व्यवहार फसला कुठे, हे कळायला दोन गळीत हंगाम जावे लागले.

## आधी जमीन मोजू नका, देणं मोजा

एक कुटुंब धरून चालू. सहा एकर जमीन, एक विहीर, पुढून डांबरी रस्ता, मागे ओढा. डोक्यावर वीस लाखांचं देणं. असं म्हटलं की घरातला माणूस लगेच हिशेब करतो: वीस लाख उभे करायला किती जमीन काढावी लागेल? चूक इथूनच सुरू होते. वीस लाख हा एक आकडा नाहीच. त्याची फोड करा.

समजा, अडीच लाख गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज आहे. साडेपाच लाख बँकेचं मुदत कर्ज, ठिबक आणि ट्रॅक्टरचं. उरलेले बारा लाख हातउसने आणि सावकारी, महिना शेकडा तीनने.

पीककर्ज वेळेत फेडलं तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, कारण व्याजाचा भार केंद्र आणि राज्य सरकार मिळून उचलतात. बँकेच्या साडेपाच लाखांना साधारण ११ टक्के धरले तर वर्षाला साठ हजार. आणि सावकाराचे? महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. बारा लाखांवर ४ लाख ३२ हजार.

आता जमिनीची कमाई बघा. खर्च वजा जाता एकरी चाळीस हजार हातात राहतात असं धरलं तर सहा एकरांचे २ लाख ४० हजार. म्हणजे सगळं रान राबून जे देतं, त्याच्या पावणेदोन पट एकटं सावकारी कर्ज खाऊन टाकतं. हे रान आता तुमचं राहिलेलं नाही. नाव तुमचं, कमाई सावकाराची, वर फरक घरातून भरायचा.

तेव्हा विकायची झाली तर जमीन बारा लाखांपुरती विकायची. स्वस्त कर्ज फेडायला जमीन विकणं म्हणजे दुभती म्हैस विकून किराणा दुकानाची उधारी चुकवणं. दुकानदार तर व्याजही मागत नव्हता! उलट मुदत कर्जाचे हप्ते थकलेच असतील तर आधी बँकेत जाऊन एकरकमी परतफेडीची योजना चालू आहे का, किती सूट मिळते, ते विचारा. थकीत कर्जाचा आकडा खाली येऊ शकतो. विकलेला गुंठा परत येत नाही.

## भाव कोण ठरवतं?

एकाच जमिनीचे निदान तीन भाव असतात आणि तिन्ही खरे असतात.

पहिला सरकारी, म्हणजे रेडी रेकनर. दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क कमीत कमी किती भरायचं ते ठरवण्यासाठी शासन तयार करतं तो दरांचा तक्ता. रान जिरायत की बागायत, शेतसाऱ्याचा आकार किती, अशा ढोबळ गोष्टींवर तो बांधलेला असतो. तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती परस पाणी असतं हे त्याला ठाऊक नसतं. बाजारभाव त्याच्या दुप्पट असू शकतो, आणि आडबाजूच्या मुरमाड रानाचा त्याच्या खालीही.

दुसरा भाव शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या व्यवहारांचा. गेल्या दोन-तीन वर्षांत आसपासच्या गटांची खरेदी कितीला झाली, हे नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात त्यावर दिसतं. पारावर सांगितला जाणारा भाव नेहमी फुगवलेला असतो आणि इंडेक्सवरचा बऱ्याचदा दाबलेला. खरा त्या दोहोंच्या मधे कुठेतरी सापडतो.

तिसरा कमाईचा. खंडाने दिली तर एकराला वर्षाचे किती येतील? पंधरा लाखांच्या एकराला तीस हजार खंड येत असेल तर ते दोन टक्के झाले. जमीन ही फार कमी व्याज देणारी ठेव आहे. माणसं ती धरून ठेवतात ती भाव वाढेल म्हणून, आणि पोरीचं लग्न ठरवताना ‘घरी रान किती?’ असं विचारलं जातं म्हणून. दोन्ही कारणं खोटी नाहीत. फक्त छत्तीस टक्क्यांच्या समोर ती टिकत नाहीत.

## तुकड्याची किंमत भागाकाराने निघत नाही

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सहा एकरांची किंमत नव्वद लाख असेल तर एकराची पंधरा लाख, हे पाटीवर बरोबर, बांधावर चूक.

पैठणीचा पदर कापून विकला तर पदराला पैसे चांगले येतील. पण उरलेलं कापड पैठणी राहत नाही. जमिनीलाही पदर असतो. तो म्हणजे रस्ता आणि पाणी.

आपल्या कुटुंबाचं रान पुन्हा बघू. पुढचे चार एकर, ज्यात रस्ता आणि विहीर दोन्ही येतात, एकरी साडेसतरा लाखांचे, म्हणजे सत्तर लाख. मागचे दोन एकर ओढ्याकडचे, एकरी दहा लाखांचे, म्हणजे वीस. एकूण नव्वद. हवेत बारा लाख.

गिऱ्हाईक म्हणतं, रस्त्यालगतची आडवी पट्टी द्या, एकरी वीस लाखांनी घेतो. चोवीस गुंठ्यांतच बारा लाख उभे राहतात. केवढं सोपं! पण मागच्या ५ एकर १६ गुंठ्यांना आता खात्रीची वाट नाही. वाट नसलेल्या रानाला एकरी दहा लाख मिळाले तरी ते उरले चोपन्न लाखांचं. बारा आणि चोपन्न, सहासष्ट. चोवीस गुंठे विकले आणि चोवीस लाख हवेत गेले.

आता मागच्या बाजूला या. ओढ्याकडचा शेजारी आपलं रान वाढवायला बघतोय. त्याला तुमच्या रस्त्याची गरज नाही, कारण तो त्याच्या बाजूने येतो. त्याला दहा लाखांनी एकर याप्रमाणे अठ्ठेचाळीस गुंठे दिले, बारा लाख आले. उरलेल्या ४ एकर ३२ गुंठ्यांची किंमत अठ्ठ्याहत्तर लाख. बेरीज नव्वदच्या नव्वद. गुंठे दुप्पट गेले, पण पदराला कात्री लागली नाही.

म्हणून तुकड्याचा भाव करताना प्रश्न दोन विचारायचे. याचे किती येतील, आणि हा गेल्यावर उरलेल्याचे किती राहतील? पहिला प्रश्न गिऱ्हाईक विचारतं. दुसरा विचारणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं.

मागच्या बाजूला घेणारा नसेल तर आडव्या पट्टीऐवजी उभी पट्टी काढा, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. भाव थोडा कमी येतो, पण दोन्ही भागांना रस्त्याचं तोंड राहतं. आणि पुढची बाजू देण्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर खरेदीखतात आणि सोबतच्या नकाशात स्वतःसाठी बारा फुटांची वाट राखून ठेवा. तेच पाण्याचं. विहीर कुणाकडे, हिस्सा किती, पाळी कशी, मोटारीचं वीज कनेक्शन कुणाच्या नावावर, पाइपलाइन कुणाच्या रानातून जाते, सगळं दस्तात आलं पाहिजे. ‘आपलं काय ठरलंय ते ठरलंय’ हे वाक्य दोन माणसांत चालतं. त्यांच्या पोरांत चालत नाही.

कुणी म्हणेल, वाट काय, तहसीलदाराकडे अर्ज केला की मिळते. खरंय. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३मध्ये बांधावरून वाट मागता येते, सुखाधिकाराच्या १८८२च्या कायद्यातही अडलेल्याला गरजेपुरता रस्ता मिळण्याची सोय आहे. पण अर्ज, स्थळपाहणी, पंचनामा, आदेश, त्यावर अपील, आणि सगळं संपल्यावर शेजाऱ्याशी कायमचा अबोला. दस्तात चार ओळी लिहिणं स्वस्त पडतं.

## वाटेल तेवढा लहान तुकडा विकता येतो का?

नाही. १९४७चा तुकडेबंदी कायदा आड येतो. शेतजमिनीची चिंधी होऊ नये म्हणून ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडायला त्यात बंदी आहे. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेनंतर ही मर्यादा बहुतेक ठिकाणी बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी आहे. विहीर, शेतरस्ता, घरकुल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने त्याहून लहान तुकडा घेता येतो. शहरी हद्दीतल्या तुकड्यांबाबत २०२५ साली सरकारने सूट दिली. ती गावाकडच्या रानाला लागू आहे असं समजून कुणी गुंठेवारीत पैसे अडकवू नयेत.

गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सात-बारावर मात्र हेक्टर आणि आर असतात, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. बोलणी गुंठ्यात आणि दस्त आरमध्ये होतो, त्यात कधी कधी अर्धा गुंठा इकडचा तिकडे होतो. पोटखराबा, म्हणजे गटातला लागवडीला न येणारा भाग, धरून बोलताय की सोडून, तेही आधीच ठरवा. सगळ्यात बरं म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून खुणा रोवून घ्यायच्या, मग भाव करायचा. दोरी धरून मोजलेल्या रानाचे खटले तालुका कोर्टात ढिगाने पडून आहेत.

## ‘सात-बारावर माझंच नाव आहे, सही करायला मी पुरे’

इथे सगळ्यात जास्त व्यवहार फसतात. सात-बारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. सारा कुणाकडून घ्यायचा ते तो सांगतो. मालकीचा तो अंतिम पुरावा नव्हे.

जमीन तुम्ही स्वतःच्या कमाईतून घेतली असेल तर सही तुमची पुरते. वडिलोपार्जित असेल तर तिच्यात जन्माने हक्क असणारी माणसं आहेत, आणि त्यांत मुलीही आल्या. ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या त्यातून सुटल्या.

एकत्र कुटुंबाचा कर्ता सगळ्यांच्या वतीने जमीन विकू शकतो, पण कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी. दवाखाना, लग्न, शेतीसाठी काढलेलं कर्ज या गरजा न्यायालयांनी मानल्या आहेत. जुगारातलं देणं मानलेलं नाही. गरज खरी होती की नव्हती याची चौकशी खरेदीदाराने करायची असते, हा नियम १८५६च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून चालत आलाय. म्हणून जाणतं गिऱ्हाईक बहिणींच्या सह्या मागतं. ते आडमुठं नसतं, शहाणं असतं. कुठलं कर्ज, कशासाठी, फेड कशी, हे खरेदीखतातच लिहून घेतलं तर पुढे दोन्ही बाजूंना आधार राहतो.

बहिणींना शेवटच्या दिवशी गाडी पाठवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणणं, चहा पाजणं आणि ‘इथे अंगठा लाव’ म्हणणं, हे मी स्वतः पाहिलंय. कधीतरी भाच्याच्या हातात तो दस्त पडतो आणि मग दावा येतो. आधी बसून सांगितलं, देण्याचे आकडे दाखवले, तर बहुतेक बहिणी भावाच्या आड येत नाहीत. आल्याच, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांचा हिस्सा बाजूला ठेवून स्वतःच्या हिश्श्यातून विका.

वाटणी न होता आपला हिस्सा परक्याला विकता येतो का? महाराष्ट्रात येतो. पण घेणाऱ्याच्या हातात रान पडत नाही, वाटणीचा दावा लावण्याचा हक्क पडतो. त्याला किंमतही तशीच येते. शिवाय वारसाने मिळालेला हिस्सा बाहेर चालला असेल तर बाकीच्या जवळच्या वारसांना तो आधी घेण्याचा अधिकार आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलंय. भावाला आधी विचारा. रीतसर, लेखी.

उताऱ्यावर ‘अ.पा.क.’ दिसलं, म्हणजे हिस्सेदार अजून सज्ञान नाही आणि आई किंवा दुसरं कुणी पालनकर्ता आहे, तर वकिलाकडे जा. त्या मुलाच्या स्वतंत्र हिश्श्याला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते.

आणि सात-बारावरचा भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन पूर्ण मालकीची की सरकारी अटींवर मिळालेली, तेही बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीचं थोडं सोपं झालंय. खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारला भरला की बंधन उठतं, आणि आकार रुपयांत असल्यामुळे ती रक्कम किरकोळ असते. इनाम, वतन, आदिवासी खातेदार यांचे नियम निराळे आणि कडक आहेत.

## बोजा असताना तुकडा विकता येतो?

इथे एक गंमत आहे, कडू गंमत. सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात दिसतो तो सोसायटीचा इकरार (कर्जापोटी जमीन बांधून दिल्याचा करार) आणि बँकेचा बोजा, म्हणजे तुमचं स्वस्त कर्ज. मानगुटीवर बसलेलं छत्तीस टक्क्यांचं कर्ज त्यात कुठेच नसतं. त्यामुळे महाग देणं फेडायला जमीन काढायची तरी आधी स्वस्तवाल्याच्या दारात जावं लागतं.

तारणाला वाटण्या नसतात. निम्मं कर्ज फेडलं म्हणून निम्मं रान आपोआप मोकळं होत नाही. शेवटचा रुपया फिटेपर्यंत सगळं रान बांधलेलं असतं. सोसायटीचा इकरार असताना तिला न विचारता केलेली विक्री सहकार कायद्याच्या कलम ४८खाली रद्दच ठरते. पण त्याच कलमात दुसरंही लिहिलंय आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. कर्जाचा काही भाग फेडला आणि बाकीच्याला उरलेलं तारण पुरेसं असलं, तर सोसायटी जिल्हा बँकेच्या संमतीने काही जमीन बोजातून सोडू शकते. सोडलीच पाहिजे असं नाही. पण मागायला कागद हातात आहे.

बँकेकडे जाताना रडत जाऊ नका, आकडे घेऊन जा. उरलेलं रान अठ्ठ्याहत्तर लाखांचं, बँकेचं आणि सोसायटीचं मिळून येणं आठ लाख. तारण जवळपास दहा पट उरतंय. मोजणीचा नकाशा, इंडेक्स, अर्ज. शाखाधिकारी तरीही नाही म्हणाला तर दुसरा मार्ग म्हणजे इसाराची रक्कम खरेदीदाराने सरळ कर्जखात्यात भरायची, बँकेने बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा कागद, द्यायचा, तलाठ्याने (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) बोजा कमी केल्याचा फेरफार (महसूल दप्तरातली बदलाची नोंद) ओढायचा, आणि मगच खरेदीखत. यात स्वस्त कर्जही फिटतं, म्हणजे रान थोडं जास्त काढावं लागतं. अडल्या वेळेला तेही चालतं.

‘बँक लिलावच करणार आहे, मग विकू कशाला?’ असंही विचारतात. घर-दुकानाचं तारण बँक ज्या सरफेसी कायद्याने परस्पर ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागू नाही. तिला दावा लावूनच यावं लागतं. सहकारी संस्थेचं मात्र वेगळं आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला मिळवून ती जप्तीपर्यंत बरीच लवकर पोचते. आणि लिलावात कुठला तुकडा काढायचा हे तुम्ही ठरवत नाही. पदरच आधी जातो.

## ‘कर्जमाफी होईपर्यंत थांबू की’

सोसायटी आणि बँकेच्या कर्जापुरतं हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. २०१७च्या योजनेत दीड लाखापर्यंत आणि २०१९च्या योजनेत दोन लाखांपर्यंत थकीत कर्ज माफ झालं होतं. पण दोन्ही वेळा हातउसने आणि सावकारी कर्ज त्यात बसलं नाही. बारा लाखांवर दर महिन्याला छत्तीस हजार चढतात. वर्षभर थांबणं म्हणजे ओढ्याकडचे आणखी सतरा गुंठे सावकाराला लिहून देणं.

भाव वाढेपर्यंत थांबण्याचा हिशेबही असाच. रानाचा भाव वर्षाला दहा टक्क्यांनी वाढला तरी छत्तीसला तो गाठत नाही. अपवाद एकच. महामार्गाची किंवा कालव्याची अधिसूचना निघालेली असेल तर थांबण्यात अर्थ आहे, पण ती राजपत्रात दिसली पाहिजे, हॉटेलातल्या गप्पांत नव्हे.

खंडाने द्यायचं म्हणाल, तर सहा एकरांचे तीस हजारांनी १ लाख ८० हजार. सावकाराच्या पाच महिन्यांच्या व्याजाला बरोबर पुरतात!

## सावकाराला लिहून दिलेलं खरेदीखत

काही ठिकाणी सावकार कर्ज देतानाच ‘नाममात्र’ खरेदीखत करून घेतो. पैसे फेडले की परत करून देतो, असं तोंडी सांगतो. हे गहाण नव्हे. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याला गहाण मानत नाही, सरळ विक्री मानतो. इथे तुम्ही तुकडा विकायला निघेपर्यंत कागदोपत्री तो विकला गेलेलाच असतो.

हे दुखणं जुनं आहे. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं जाळली, तेव्हा राग अशाच कागदांवर होता. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कोर्टाला कागदामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा मिळाली. आज २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे. बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा आपला जुना दामदुपटीचा नियमही त्या कायद्यात आहे. म्हणून सावकाराच्या हातात रानाचे पैसे ठेवण्याआधी आजवर किती दिले याची यादी करा, वहीत, चिठ्ठ्यांवर, फोनच्या व्यवहारांत जिथे असेल तिथून. बऱ्याचदा बारा लाख हे मुळात चार लाख असतात.

## पैसे हातात आल्यावर

गावाकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही. गावाकडची म्हणजे किती लांबची, ते अंतराने ठरतं. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या बाहेर, दहा लाखांपर्यंतच्या शहरापासून सहा आणि त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटरच्या बाहेर. त्याच्या आत असेल तर सीए गाठा.

रोख घेऊ नका. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याचा आग्रह घेणारा धरतो, त्यात मुद्रांक त्याचा वाचतो. तुमचं काय जातं? गावाची जमीन उद्या संपादनात गेली तर २०१३च्या कायद्याने मोबदला ठरवताना आधीच्या तीन वर्षांतले आसपासचे दस्त बघतात. आज तुम्ही दाबलेला आकडा उद्या तुमच्याच उरलेल्या रानाच्या आणि भावकीच्या मोबदल्यात उतरतो. घेणारा शेतकरी आहे याचा दाखलाही बघा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि व्यवहार रद्द झाला तर पैसे परत मागायला तो तुमच्याच दारात येतो.

कर्ज फेडलं की दाखला घ्या, सावकाराचे कोरे चेक आणि सही केलेले स्टॅम्प परत घ्या, ते हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका. विक्रीच्या फेरफाराची नोटीस लागते, पंधरा दिवस हरकतींसाठी असतात, मग नोंद मंजूर होते. बोजा कमी करण्याचा फेरफार वेगळा, तो आपोआप होईल असं धरू नका. महिन्याभराने नवा उतारा काढून दोन्ही नोंदी डोळ्यांनी बघा.

तात्यांचं राहिलं. त्यांनी रस्त्याकडचा अख्खा एकर आडवा दिला होता, वाट न राखता. घेणाऱ्याने पहिली दोन वर्षं पडीक ठेवलं, तोवर कुणाला काही जाणवलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याने भिंत घातली आणि कारखान्याची ट्रॉली रस्त्यावरच उभी राहिली. तोडणीची टोळी मोळ्या डोक्यावर वाहायला तयार होती, पण जास्तीचे पैसे घेऊन. त्या हंगामात ऊस दीड महिना उशिरा तुटला आणि वाळून वजनाला मार बसला. पुढे शेजाऱ्याच्या रानातून, त्याची पेरणी होईपर्यंतच्या मुदतीवर, दर वर्षी विनवणी करून ट्रॉली काढायची पद्धत पडली. तहसीलदारांनी बांधावरून वाट दिली. तिच्यावरून बैलगाडी जाते, ट्रॉली जात नाही.

गेल्या वर्षी चुलतभावाने तो प्रश्न मिटवला. भिंतीच्या कडेने बारा फूट रुंद, ३६३ फूट लांब पट्टी, शेतरस्ता म्हणून मंजुरी काढून, विकत घेतली. बरोबर चार गुंठे भरले. घेणाऱ्याला गरज कळली होती, तो खाली यायला तयार नव्हता. तात्यांना २००९मध्ये अख्ख्या एकराचे जेवढे मिळाले होते, तेवढेच त्या चार गुंठ्यांना गेले.